आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण: आरसा फर्स्ट क्लास, फळी थर्ड क्लास

माझ्या दुर्बिणीच्या खोक्यावर एक दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची अफाट वस्ती, छापलेली आहे. निळ्या भुजा, पिवळसर गाभा आणि त्या गाभ्यातून आरपार गेलेला लख्ख दांडा. हा फोटो या दुर्बिणीतून काढलेला नाही आणि डोळ्याला असं काही दिसणारही नाही, हे मात्र खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही. दुकानदारी मलाही कळते. माझं नागपुरात सक्करदऱ्याला चष्म्याचं दुकान आहे. फ्रेमच्या जाहिरातीतली बाई ती फ्रेम घातल्यामुळे सुंदर झालेली नसते, आधीच असते. तरी साठ हजारांच्या आतबाहेर पैसे मोजल्यावर माणसाला वाटतंच की खोक्यावरचं निदान चार आणे तरी आत असावं.

म्हणून मी या दुर्बिणीची परीक्षा एकाच प्रश्नावर घेतली: दंडयुक्त सर्पिल दीर्घिकेचा, म्हणजे गाभ्यातून दांडा आणि बाहेर वळलेल्या भुजा असणारीचा, दांडा हिच्यातून दिसतो का? चंद्राचे खड्डे, शनीची कडी, गुरूचे चार चंद्र ती दाखवतेच. ते याच्या निम्म्या किमतीची दुर्बीणही दाखवते. त्यावर मी एक ओळही लिहिणार नाही.

वस्तू काय आहे ते आधी. आरसा ८ इंचांचा, म्हणजे साधारण २०० मिलिमीटर. फोकल लांबी, म्हणजे आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिलिमीटर. खाली भुशाच्या दाबलेल्या फळीचा गोल फिरणारा तळ, त्यावर वीतभर रुंद, चार फुटी नळी. मोटर नाही, बॅटरी नाही, हाताने ढकलायची. हा साधा तळ जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केला. हा माणूस कॅलिफोर्नियात रामकृष्ण संप्रदायाच्या वेदान्त मठात तेवीस वर्षं संन्यासी होता आणि तिथे लपूनछपून जहाजाच्या गोल खिडक्यांच्या काचा घासून आरसे बनवायचा. १९६७ मध्ये मठातून बाहेर पडावं लागलं, तर पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्याजाणाऱ्यांना आकाश दाखवत बसला. स्वस्तात मोठा आरसा, हा सगळा त्याचाच हिशोब. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. याच मापाची दुर्बीण तीन-चार नावांनी मिळते आणि आतला माल बहुतेक सारखाच असतो.

माल घरी आला तेव्हा फाइंडरचा, म्हणजे वस्तू शोधायला नळीवर बसवतात त्या छोट्या दुर्बिणीचा, एक स्क्रू गायब होता आणि दोन्ही आरसे एकमेकांशी जुळलेले नव्हते. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, ‘‘मॅडम, सेटिंग कंपनीतूनच होऊन येते.’’ होऊन आली असेलही, पण मधे शेकडो किलोमीटर ट्रकमध्ये आदळत आली ना! ही जुळवणी, जिला सगळे कॉलिमेशनच म्हणतात, पहिल्या दिवशी स्वतः करावीच लागते हे त्याने विकतानाच सांगायला हवं होतं. तीन स्क्रू, एक छोटा लेझर आणि अर्धा तास, एवढंच काम आहे. पण ज्याला माहीत नाही तो पहिल्याच रात्री तारे शेपटीवाले दिसले म्हणून दुर्बीण परत पाठवायला निघेल.

आता आरसा. इथे मला बोलायचा थोडा अधिकार आहे. चष्म्याच्या काचेवर कोटिंग असतं, लोक शर्टाच्या टोकाने पुसतात, आणि वर्षभरात काच ओरखड्यांनी भरते. दुर्बिणीच्या आरशाला अॅल्युमिनियमचा थर समोरच्या बाजूने असतो, काचेच्या मागे नाही. त्यावर कापड फिरवलं की थर गेला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जी धूळ उडते ती या आरशावर बसणारच. बसू द्या. थोड्या धुळीने प्रकाश कमी होत नाही, पुसण्याने मात्र आरसा जातो. माझ्या आरशावर आज चिमूटभर नागपूर बसलेलं आहे आणि चित्रात काडीचा फरक नाही. आरशाचा आकारही चोख आहे. तारा फोकसच्या जरा आत आणि जरा बाहेर नेऊन पाहिला तर दोन्हीकडे कडी सारखीच गोल दिसतात. या किमतीत इतकं चांगलं काचकाम मिळतं याचं मला खरोखर आश्चर्य वाटलं.

आयपीसबद्दल, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाबद्दल, तेवढं बरं बोलता येत नाही. सोबत दोन येतात, २५ आणि १० मिलिमीटरचे. पहिल्याने ४८ पट मोठं दिसतं, दुसऱ्याने १२० पट. २५ चा चांगला आहे. १० च्या काचेला डोळा इतका चिकटवावा लागतो की पापण्या घासतात आणि काचेवर काजळ-तेलाचा पडदा येतो. चष्मा असणाऱ्यांनी हे नीट वाचा: नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून ठेवा, फोकसच्या चाकाने तो नंबर भरून निघतो. सिलिंडर नंबर, म्हणजे आडव्या-उभ्या दिशेला वेगवेगळा लागणारा, असेल तर चाकाने निघत नाही. कमी शक्तीच्या आयपीसमधून प्रकाशाचा झोत चार-सव्वाचार मिलिमीटर रुंद येतो, तेव्हा सिलिंडर चांगलाच त्रास देतो, तारे लांबट दिसतात. १२० पटीला झोत पावणेदोन मिलिमीटरचा होतो, मग बहुतेकांना चष्म्याविना चालतं. म्हणजे सिलिंडरवाल्याला ज्या आयपीसमध्ये चष्मा लागतो तो बरा आहे, एवढं तरी नशीब. माझा स्वतःचा सिलिंडर पाऊण आहे, मी २५ ला चष्मा घालते, १० ला काढते.

दुर्बीण कुठे न्यायची, यावर आमच्या घरात वाद झाला. भाचा म्हणाला, ‘‘आत्या, पेंचला जाऊ ना, डार्क स्काय पार्क हाय तिथं.’’ बरोबर आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारी-वाघोलीकडच्या गावांत रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवले, ते पाहायला खरंच जावं. आभाळ तिथलं उत्तमच आहे. पण माझी दीर्घिका दक्षिणेला, आणि पेंचवरून दक्षिणेला काय? कोराडी, खापरखेड्याची वीजकेंद्रं आणि मग अख्खं नागपूर. आपण शहराच्या उत्तरेला गेलो की शहराचा उजेड दक्षिण क्षितिजावर येतो, हे नकाशा उघडला की कळतं. म्हणून दक्षिणेकडच्या दीर्घिकांसाठी मी उमरेडच्या पुढे भिवापूरकडे जाते. माझ्या माहेरचं शेत तिकडे आहे. शहर पाठीशी पडतं, खाणीचे दिवे मागे राहतात आणि समोर चांगला काळोख.

दीर्घिका कोणती? एनजीसी १३६५, म्हणजे एनजीसी नावाच्या खगोलयादीतली १३६५ क्रमांकाची. खोक्यावरची तीच असावी, निदान तिच्यासारखीच. अश्मंत नावाच्या छोट्या तारकासमूहात, मृगाच्या खाली उजवीकडे, यमुनेच्या वळणाजवळ ती आहे. खगोलीय विषुववृत्ताच्या ती साधारण ३६ अंश दक्षिणेला येते, नागपूर २१ अंश उत्तरेला, त्यामुळे आपल्याकडून ती जास्तीत जास्त ३३ अंश उंच चढते. म्हणजे तुरीच्या पिकाच्या, धुऱ्यावरच्या बाभळीच्याही बऱ्याच वर. दिल्लीवाल्यांना २५ अंशांवर समाधान मानावं लागतं आणि लंडनला ती क्षितिजाला टेकूनच निघून जाते. युरोपातल्या लोकांच्या यादीत ही दीर्घिका फार दिसत नाही ती त्यामुळे. १८२६ मध्ये जेम्स डनलॉप या खगोलज्ञाने ती ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटाहून पाहिली, उत्तरेतून कोणी नव्हे. डिसेंबरच्या शेवटी रात्री सव्वानऊच्या सुमाराला ती बरोबर दक्षिणेला येते, जानेवारीच्या मध्यात आठ-सव्वाआठलाच.

शोधायला सोबतचा फाइंडर कुचकामी. त्यात चित्र उलटं दिसतं, आणि नळी दक्षिणेकडे खाली झुकली की मान मोडून वाकावं लागतं. मी मोबाईलवरच्या नकाशाने अश्मंतातल्या तीन अंधुक ताऱ्यांच्या गटापर्यंत पोचते. तिथून पूर्वेला सव्वा अंश सरकलं की २५ च्या आयपीसमध्ये एक धुरकट ठिपका येतो. आणखी थोडं ईशान्येला गेलं तर दोन गोल, गुबगुबीत ठिपके शेजारी शेजारी दिसतात, एनजीसी १३९९ आणि १४०४. या सगळ्या एकाच गुच्छातल्या दीर्घिका आहेत. त्या दोन लंबवर्तुळाकार. त्यांच्यात दांडा नाही, भुजा नाहीत, आणि तुलनेला त्या फार उपयोगी पडतात.

भाच्याने पहिल्यांदा डोळा लावला आणि सरळ म्हणाला, ‘‘काहीच तर नाही दिसून राहिलं.’’ त्याचा दोष नाही. तो मोबाईलच्या उजेडातून आला होता. काळोखाला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि त्यातही अंधुक वस्तूकडे थेट बघायचं नसतं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध ज्या पेशी असतात त्या रंग आणि बारकावे पाहतात, पण मंद प्रकाशात झोपा काढतात. कडेच्या पेशींना रंग कळत नाही, उजेड मात्र कळतो. म्हणून नजर वस्तूच्या जरा बाजूला ठेवायची आणि लक्ष वस्तूवर. दुकानात नजर तपासताना मी दिवसभर ‘‘इकडेतिकडे नका पाहू, सरळ पाहा’’ म्हणते, आणि इथे उलट शिकवावं लागतं.

त्या रात्री आमच्या शेतावर जागलीला असलेले काका आले. रानडुकरांवर टॉर्च मारत फिरत होते. त्यांच्या टॉर्चला मी आधीच लाल जिलेटीन कागद बांधून दिला होता. त्यांना बसवलं, १२० पटीचा आयपीस लावला आणि काय दिसायला हवं ते मुद्दाम सांगितलं नाही. पहिल्यांदा म्हणाले, ‘‘ताई, धुकट दिसते जी.’’ मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आयुष्यभर काळोखात हालचाल ओळखायची सवय. बाजूने पाहायचं त्यांना शिकवावं लागलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘मधात टिकली हाय. तिच्यातून आडवं गेलं हाय काहीतरी. अन् एका टोकाले वाकलं हाय.’’ मी विचारलं, कोणत्या बाजूला वाकलंय? त्यांनी डाव्या तळहातावर उजव्या बोटाने रेघ ओढून दाखवली, शेवटी वर आकडा. नंतर मी फोटो उलटा करून मोबाईलवर लावून पाहिला. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, तो हिशोब धरून. रेघ बरोबर त्याच दिशेला, आकडा त्याच टोकाला. दुसऱ्या टोकाची भुजा त्यांना दिसली नाही. मला ती कधी आहेशी वाटते, कधी नाही. ज्याने कधी दीर्घिकेचा फोटो पाहिलेला नाही त्याला दांडा दिसला, म्हणजे दुर्बीण पास. माझ्या डोळ्यावर मी इतका भरवसा ठेवला नसता, कारण मला काय दिसायला हवं ते माहीत होतं.

जाता जाता ते म्हणाले, ‘‘हे एवढं पाहाले एवढ्या थंडीत येता जी?’’ यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला ते थांबले नाहीत. डुकरं पलीकडच्या वावरात शिरली होती.

तर उत्तर तुम्ही ऐका. ती धुकट रेघ म्हणजे काय? एनजीसी १३६५ सुमारे ५.६ ते ६ कोटी प्रकाशवर्षं लांब आहे. हबल या अंतराळातल्या दुर्बिणीने १९९० च्या दशकात तिच्यातले सेफिड जातीचे, म्हणजे ठरावीक काळाने उजळ-मंद होणारे, तारे मोजून हे अंतर पक्कं केलं. आपली सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या खडकाची आहे तो दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे जागलीच्या काकांच्या डोळ्यात शिरलेला प्रकाश निघाला तेव्हा बर्डीचा खडक थंड होऊन लाखो वर्षं झाली होती आणि डायनोसॉर संपलेले होते. दीर्घिकेची रुंदी सुमारे दोन लाख प्रकाशवर्षं, आपल्या आकाशगंगेहून मोठी, आणि तिचा स्वतःभोवती एक फेरा पुरा व्हायला सुमारे ३५ कोटी वर्षं.

दांडा हा शोभेचा नाही. तो ताऱ्यांचाच बनलेला आहे, आणि त्याच्या ओढीमुळे भुजांतला वायू आपला वेग गमावून दांड्याच्या कडेकडेने आत घसरत जातो. फोटोत दांड्यावर धुळीच्या काळ्या रेषा दिसतात, त्या वायूच्याच वाटा. आत पोचलेल्या वायूतून गाभ्याभोवती नवे तारे धडाधड जन्मतात आणि थोडा माल अगदी मध्यावरच्या कृष्णविवरापर्यंत जातो. ते कृष्णविवर सूर्याच्या सुमारे २० लाख पट वस्तुमानाचं आहे. ते किती जोरात फिरतं हे २०१३ मध्ये दोन क्ष-किरण दुर्बिणींच्या मोजमापावरून काढलं गेलं: नियमाने शक्य असलेल्या कमाल वेगाच्या निदान ८४ टक्के. दुर्बिणीत मधली टिकली दिसते ना, त्या टिकलीच्या पोटात हे सगळं चाललंय. २०१२ च्या ऑक्टोबरात याच दीर्घिकेत एक तारा फुटला होता, एसएन २०१२एफआर, तेजाने बाराव्या प्रतीच्या आसपास पोचला होता. हा आठ इंची आरसा तेव्हा माझ्याकडे असता तर तो दिसला असता, याची हळहळ वाटते.

आपली आकाशगंगाही दंडयुक्तच आहे. आजच्या सर्पिल दीर्घिकांत दोन तृतीयांश तरी अशाच निघतात. खूप मागच्या काळात त्या कमी होत्या असं हबलच्या चित्रांवरून वाटत होतं. जेम्स वेब या नव्या अंतराळ दुर्बिणीने ते गणित विस्कटलं. २०२३ मध्ये जाहीर झालेली सीईईआरएस-२११२ ही दंडयुक्त दीर्घिका ११७० कोटी वर्षांपूर्वीची आहे, विश्व जेमतेम २१० कोटी वर्षांचं असतानाची. ती बघायला अर्थातच आठ इंच नाही, अंतराळातला साडेसहा मीटरचा आरसा लागतो.

हिवाळा हुकला तर मार्च ते मे वासुकी तारकासमूहातली एम ८३ ही दीर्घिका बघा. तीही दंडयुक्त, पण फक्त दीड कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणून बरीच उजळ. १७५२ मध्ये लाकाय या फ्रेंच खगोलज्ञाने आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून ती शोधली. ती ३९ अंश चढते. तिचा दांडा मला १३६५ पेक्षा सहज दिसला, फक्त एप्रिलात रात्री बारालाही अंगाला घाम असतो आणि डास आयपीसपेक्षा जवळ असतात.

शहरातून? दुकानाच्या गच्चीवरून मी १३६५ साठी प्रयत्न केला. गाभाही नाही. दीर्घिकेचा प्रकाश पसरलेला असतो, तो शहराच्या उजेडात विरघळतो, आणि जास्त मोठं करून बघितलं तर दोन्ही सारखेच मंद होतात. आरसा उघड्या डोळ्यापेक्षा आठशे पट प्रकाश गोळा करतो, पण तो रस्त्यावरच्या दिव्याचाही करतो.

सध्या ज्या छोट्या स्मार्ट दुर्बिणी आल्यात, तिपाईवर ठेवली की स्वतःच वस्तू शोधून मोबाईलवर चित्र पाठवणाऱ्या, त्यातली एक भाच्याच्या मित्राने शेतावर आणली होती. खरं सांगायचं तर दहा मिनिटांत तिने १३६५ चा दांडा आणि दोन्ही भुजा स्वच्छ काढून दिल्या, तेही पाच सेंटिमीटरच्या भिंगातून. दांड्याच्या परीक्षेत ती माझ्या दुर्बिणीच्या पुढे गेली, हे मान्य करायला हरकत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, गाडी नसणाऱ्याला मी तीच सुचवीन. मला मात्र मोबाईलकडे दिवसभर बघायचं असतंच. डोळ्यात थेट उतरलेला सहा कोटी वर्षांचा प्रकाश आणि पडद्यावरचा फोटो यांत मी पहिला घेईन, मग तो धुकट का असेना.

शेवटी ती फळी. तळ दाबलेल्या भुशाचा, वर पातळ लॅमिनेट. कापलेल्या कडा खालच्या बाजूला उघड्या. एका पावसाळ्यात, तेही घरात ठेवून, खालची कड फुगली आणि तळ फिरताना एका जागी अडकू लागला. अडकला की दीर्घिका आयपीसबाहेर जाते आणि सगळं पहिल्यापासून शोधा. गंजीपेठेतल्या सुताराकडून मी त्याच मापाचा मरीन प्लायचा तळ करून घेतला, कडांना फेविकॉल मारून पट्टी लावली. आता लोण्यासारखा फिरतो. कंपनीने हे आधीच केलं असतं तर किंमत फार वाढली नसती. वजन नळी आणि तळ मिळून वीस किलोच्या बरंच वर जातं, दोन खेपांत उचलायचं. आमच्या छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर नळी तिरपी बसते, तळ डिकीत.

घेणारच असाल तर १० चा आयपीस पहिल्याच दिवशी कपाटात ठेवा आणि डोळ्याला जरा अंतर देणारा एखादा १२-१४ मिलिमीटरचा वेगळा घ्या. सरळ चित्र दाखवणारा फाइंडर घ्या. गुडघ्याच्या उंचीचा स्टूल घ्या, कारण दक्षिणेकडची वस्तू पाहताना आयपीस खाली येतो आणि पाठ बोंब मारते. या तिन्हींचे मिळून आठ-दहा हजार वेगळे धरा, ते विकणारा सांगत नाही. गाडी नसेल, काळोख्या जागी कोणाचं शेत नसेल, तर ही घेऊ नका. दहा बाय पन्नासचा बायनॉक्युलर घ्या आणि उरलेल्या पैशात पेंचला एक रात्र राहून या, वनविभागाकडे आधी चौकशी करून.